व्हेरिकोसील: सोनोग्राफीच्या आकड्यावर ऑपरेशन ठरवू नका

पत्र:

माझं वय ३३, पत्नीचं २८. लग्नाला साडेतीन वर्षं झाली, दोन वर्षांपासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. मी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर काम करतो. पत्नीची पाळी नियमित आहे. तिच्या नळ्या उघड्या आहेत, थायरॉइड आणि एएमएच (बीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल आहे. तरीही चौदा महिने तिलाच बीज वाढवण्याच्या गोळ्या चालू आहेत. माझी तपासणी ऑक्टोबरअखेर पहिल्यांदाच झाली. वीर्य २.२ मिली, शुक्राणू ९ मिलियन, पुढे जाणारे १८ टक्के, नॉर्मल आकाराचे २ टक्के. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला डेंग्यू झाला होता. सोनोग्राफीत डावीकडच्या शिरा ३.४ मिमी, उजवीकडच्या २.३ मिमी आहेत आणि 'दोन्ही बाजूंना व्हेरिकोसील' असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात, दोन्हीकडचं दुर्बिणीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करून टाकू. दुसरे म्हणतात, ऑपरेशनात वेळ घालवू नका, थेट टेस्ट ट्यूब बेबी करा. मित्र ताकदीची इंजेक्शनं घे म्हणतो. ऑपरेशनने पुरुषत्वावर परिणाम होतो का? कामावर परत कधी जाता येईल? आई अजून पत्नीलाच बोल लावते. काय करू?

उत्तर:

तुमचं पत्र आम्ही दोनदा वाचलं. त्यात कुणी तुम्हाला उभं करून हाताने तपासलं, असं वाक्य कुठेच सापडलं नाही. व्हेरिकोसीलचा, म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगण्याच्या आजाराचा, निर्णय खरं तर तिथूनच सुरू होतो. म्हणून पुढच्या आठवड्याची ऑपरेशनची तारीख आधी पुढे ढकला. या आजारात महिना-दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

आधी तुमच्या रिपोर्टबद्दल. डेंग्यूचा ताप सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि नमुना ऑक्टोबरअखेर, म्हणजे मध्ये सातच आठवडे गेले. वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७० ते ७४ दिवस लागतात आणि तिथून बाहेरच्या नळीतून पुढे यायला आणखी दहा-बारा दिवस. आज दिलेल्या नमुन्यातले शुक्राणू घडायला लागले ते साधारण तीन महिन्यांपूर्वी. जोराचा ताप आला की त्या वेळी घडत असलेली सगळी खेप बिघडते आणि संख्या, हालचाल, आकार तिन्ही खाली येतात. त्यामुळे तुमच्या ९ मिलियनमध्ये डेंग्यूचा वाटा किती आणि शिरांचा किती, हे या एका कागदावरून कुणालाही सांगता येणार नाही. डिसेंबरच्या मध्यावर एक आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा, असे दोन नमुने द्या. दोन्ही एकाच लॅबमध्ये द्या. शक्यतो एखाद्या वंध्यत्व केंद्राच्या लॅबमध्ये द्या, कारण गल्लीतल्या सगळ्या लॅबमध्ये शुक्राणूंची मोजणी सारख्या काळजीने होत नाही.

नमुन्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस स्खलन नको. दोन्ही वेळा हे अंतर सारखंच ठेवा, उदाहरणार्थ तीन दिवस. नमुना लॅबमध्येच देणं सगळ्यात चांगलं. घरून न्यायचाच असेल तर लॅबनेच दिलेल्या डबीत घ्या, शर्टाच्या आत अंगाशी धरून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोहोचवा. साधा कंडोम, तेल, साबण, थुंकी यातलं काही नको. आणि पहिला थेंब सांडला असेल तर तसं सांगा, लाजू नका. सगळ्यात जास्त शुक्राणू पहिल्या भागात असतात, तो सांडला की रिपोर्ट खोटाच वाईट येतो.

आकडे वाचायचे कसे तेही सांगतो. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणजे तुमचे ९ मिलियन हे मिलिलिटरला ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १.६ कोटी, पुढे जाणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के आणि वीर्य १.४ मिली अशी आहे. ही पास-नापासाची रेघ नव्हे. वर्षभराच्या आत ज्यांच्या घरी पाळणा हलायची वेळ आली, अशा पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांवर ती ओढलेली आहे. तिच्या खाली असूनही बाप झालेले पुष्कळ आहेत. उपचार ठरवताना त्याहून उपयोगी आकडा घरी काढता येतो. वीर्य २.२ मिली गुणिले ९० लाख म्हणजे १ कोटी ९८ लाख, त्याचे १८ टक्के म्हणजे सुमारे ३६ लाख. पुढे पोहणारे एवढे शुक्राणू एका नमुन्यात आहेत. आययूआयसाठी, म्हणजे निवडलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडण्यासाठी, हा आकडा निदान ५० लाख ते १ कोटी असावा असं बहुतेक डॉक्टर धरतात. तुमचा त्याच्या खाली आहे, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी थेट टेस्ट ट्यूबचं नाव काढलं असणार. तो विचार चुकीचा नाही, पण घाईचा आहे.

आता शिरांकडे येऊ. वृषणातलं रक्त वर नेणाऱ्या शिरांचं एक जाळं असतं. त्यांतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. डावीकडे हे जास्त होतं, कारण डावी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. उजवी मोठ्या महाशिरेत तिरकी शिरते. वृषण शरीराबाहेर लटकतं ते मुळात दोन-चार अंश थंड राहावं म्हणून. तिथे गरम रक्त साचलं की तो थंडावा जातो, पेशींवर ताण येतो, शुक्राणू कमी आणि सुस्त होतात, त्यांच्या आतल्या डीएनएचेही तुकडे पडतात. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असतंच आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत मात्र ते शंभरात पस्तीस-चाळीस जणांना सापडतं. म्हणजे व्हेरिकोसील सापडलं एवढ्यावरून तेच कारण आहे असं ठरत नाही.

म्हणून हाताची तपासणी. उबदार खोलीत दोन-तीन मिनिटं उभं राहायचं, डॉक्टर वृषणाच्या वरच्या दोरीसारख्या भागाला बोटांत धरतात, मग तुम्ही श्वास रोखून पोटाला जोर द्यायचा. जोर दिल्यावरच शिरा बोटांना लागल्या तर पहिली श्रेणी, नुसतं उभं असताना लागल्या तर दुसरी, कातडीतून डोळ्यांनीच दिसल्या तर तिसरी. तिसरीत गांडुळांचा गुंता हातात धरल्यासारखं वाटतं. मग आडवं करून पाहतात, तेव्हा शिरा रिकाम्या व्हायला हव्यात. आडवं झाल्यावरही फुगलेल्या राहिल्या, किंवा फक्त उजवीकडेच व्हेरिकोसील सापडलं, किंवा ते अचानक आलं, तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडाकडे बघावं लागतं, कारण वर कुठे तरी गाठीचा दाब असू शकतो. त्याच वेळी दोन्ही वृषणांचा आकार मोजून घ्या. मोठ्या माणसात तो सहसा १५ ते २० मिली असतो. डावं वृषण उजव्यापेक्षा स्पष्ट लहान असेल तर शिरांनी नुकसान केल्याचा तो पुरावा आहे.

हाताला काहीच लागत नाही, फक्त सोनोग्राफीत दिसतं, अशा व्हेरिकोसीलचं ऑपरेशन मुलासाठी करू नये. यावर अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटना सहमत आहेत, कारण त्याचा फायदा दिसून आलेला नाही. तुमच्या उजव्या बाजूचंच बघा. सोनोग्राफीतही साधारण ३ मिमीच्या वरची शीर आणि जोर दिल्यावर उलटा वाहणारा प्रवाह, असं दोन्ही असेल तरच व्हेरिकोसील म्हणतात. २.३ मिमीला ते नाव देणंच ओढूनताणून आहे. उजवीकडे हाताला काही लागलं नाही तर तिकडे सुरी लावू देऊ नका. डावीकडे लागलं, आणि जानेवारीपर्यंतचे दोन्ही रिपोर्टही खालीच राहिले, तर मात्र तुम्ही ऑपरेशनचे चांगले उमेदवार आहात. हाताला लागणारं व्हेरिकोसील, बिघडलेला वीर्याचा रिपोर्ट, आणि २८ वर्षांची, तपासण्या चांगल्या असलेली पत्नी, या तिन्ही गोष्टी जुळून येतात तिथेच हे ऑपरेशन सर्वांत कामाचं.

त्याआधी रक्ताच्या दोनच तपासण्या पुरेत. एफएसएच (वृषणाला शुक्राणू घडवायला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक), सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी. एफएसएच खूप वाढलेलं आणि वृषणं लहान असतील तर अडचण शिरांपेक्षा खोल आहे आणि ऑपरेशनकडून अपेक्षा कमी ठेवावी लागते. शुक्राणू मिलिलिटरला ५० लाखांच्याही खाली गेले तर गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. सध्या त्याची गरज दिसत नाही.

एका शब्दाने मोठा घोळ होतो. आपल्याकडे 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हटलं की लॅपरोस्कोपी. पोटाला तीन छिद्रं पाडून, पोटात वायू भरून, पूर्ण भूल देऊन वरच्या पातळीवर शिरा बांधतात. आपण ज्याला सर्वांत चांगलं ऑपरेशन म्हणतो ते मायक्रोस्कोपखालचं, म्हणजे जांघेत २ ते ३ सेंटीमीटरचा छेद घेऊन केलेलं. दोन्हीत भिंग आहे म्हणून लोक दोन्हीला एकच समजतात, आणि कधी कधी रुग्णाला तसंच समजू दिलं जातं. स्पष्ट विचारा: पोटातून करणार की जांघेतून? मायक्रोस्कोप आहे का?

फरक का पडतो ते सांगतो. जांघेत त्या दोरीसारख्या भागात दहा-पंधरा बारीक शिरा, एक-दोन मिलिमीटरची धमनी, रसवाहिन्या आणि शुक्रवाहिनी हे सगळं एकत्र गुंफलेलं असतं. १० ते २५ पट मोठं करून पाहिलं की एकेक शीर वेगळी काढून बांधता येते. धमनी डॉप्लरच्या, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राच्या, टोकाने आवाजावरून ओळखतात. ती आकसली असेल तर पापावेरिन या रक्तवाहिनी सैल करणाऱ्या औषधाचे थेंब टाकतात, म्हणजे तिचे ठोके दिसू लागतात. रसवाहिन्या पाण्यासारख्या पारदर्शक असतात, त्या जपायच्या. शुक्रवाहिनीला आणि तिच्या सोबतच्या शिरांना हात लावायचा नाही, कारण नंतर वृषणातलं रक्त त्यांच्यातूनच बाहेर पडणार असतं. ऑपरेशन बिघडतं ते इथेच. बारीक शीर बांधायची राहिली तर व्हेरिकोसील परत येतं. रसवाहिन्या बांधल्या गेल्या तर काही महिन्यांनी वृषणाभोवती पाणी साचतं, म्हणजे हायड्रोसील होतं. धमनी बांधली गेली तर वृषण आक्रसू शकतं, पण ते फार क्वचित. सरावाच्या हातात मायक्रोस्कोपखाली परत येण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन आणि हायड्रोसीलचं एकाहून कमी आहे. लॅपरोस्कोपीत दोन्ही प्रमाणं याच्या काही पट असतात, कारण जांघेतून येणाऱ्या बाजूच्या शिरा तिथे पोटातून दिसतच नाहीत. मोठ्या शहरांत तिसराही पर्याय मिळतो, मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी घालून आतून धातूची गुंडाळी बसवायची. त्यात छेद नाही, पण काही जणांत नळी योग्य जागी पोहोचतच नाही. एकदा ऑपरेशन होऊन परत उद्भवलेल्यांसाठी तो विशेष उपयोगाचा.

सर्जन निवडताना एवढं विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, ऑपरेशनच्या वेळी डॉप्लर वापरता का, आणि नंतरचे रिपोर्ट तुम्हीच बघता का. कोल्हापूर-सांगलीत मायक्रोस्कोपवाले सर्जन मिळाले नाहीत तर पुण्यापर्यंतचा एक प्रवास करण्याजोगा आहे. मेडिक्लेमच्या पॉलिसीत वंध्यत्वावरचे उपचार बहुतेकदा वगळलेले असतात, म्हणून भरती होण्याआधी लेखी पूर्वमंजुरी मागा. नंतर भांडून उपयोग होत नाही.

फायदा किती? शंभरातल्या साठ-सत्तर जणांचा रिपोर्ट सुधारतो. एका वर्षात नैसर्गिक गर्भधारणा होते ती साधारण तिघांतल्या एकाच्या घरी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४५ पुरुषांच्या एका चाचणीत ऑपरेशन झालेल्यांत वर्षभरात ३३ टक्क्यांच्या आसपास आणि न झालेल्यांत १४ टक्के जोडप्यांना गर्भ राहिला. म्हणजे ऑपरेशन शक्यता वाढवतं, खात्री देत नाही. जो तुम्हाला खात्री देईल त्याच्यापासून सावध राहा. पण तुमच्यासारख्याला आणखी एक फायदा आहे. ३६ लाखांचा आकडा कोटीच्या वर गेला तर आययूआयचा पर्याय उघडतो. तो नाही उघडला आणि शेवटी टेस्ट ट्यूबच करावी लागली, तरी बरे शुक्राणू हाताशी असतात. टेस्ट ट्यूबमध्ये दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं, भूल आणि बीज काढणं हे सगळं पत्नीच्या अंगावर पडतं, आणि एका फेरीचा खर्च लाखाच्या पुढे जातो. दोष तुमच्या बाजूचा असताना आणि तिच्या हाताशी वेळ असताना हा भार आधी तिच्यावर टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती ३६-३७ वर्षांची असती किंवा तिचं एएमएच खालावलेलं असतं तर हेच उत्तर उलटं लिहिलं असतं, कारण ऑपरेशननंतरची वाट पाहण्यात तिचं वय हातचं निघून गेलं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. आठ-दहा दिवस आधार देणारा लंगोट किंवा घट्ट चड्डी. थोडं काळं-निळं पडणं, ओढल्यासारखं वाटणं ठीक. वृषणकोश नारळाएवढा फुगला, ताप आला, जखमेतून पू आला तर त्याच दिवशी दाखवा. संबंध दोन आठवड्यांनी. टेबलावरचं काम आठवड्याने जमतं, पण तुमचं काम टेबलावरचं नाही. लॅडल, साचे, जड उचल हे चार आठवडे बंद. ईएसआय (कामगार विमा) असेल तर सर्टिफिकेट घेऊन आजारपणाच्या भत्त्याचा अर्ज करा. पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी, दुसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्या आठवड्यात तपासून निराश होऊ नका, त्या नमुन्यातले शुक्राणू ऑपरेशनच्या आधी घडलेले असतात. सहा महिन्यांनीही काही हललं नाही तर पुढच्या पायरीकडे वळा, वर्षं घालवू नका.

पुरुषत्वाबद्दल विचारलंत. ताठरतेच्या नसा आणि रक्तवाहिन्या वेगळ्या, त्या या छेदाच्या जवळपासही नाहीत. वीर्याचं प्रमाणही कमी होत नाही, कारण त्यातले शुक्राणू जेमतेम काही टक्के, बाकी द्रव दुसऱ्या ग्रंथींचा. खरा धोका मित्राने सुचवलेल्या इंजेक्शनात आहे. 'ताकदीची' म्हणून जिममध्ये किंवा ओळखीच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या या सुयांमध्ये बहुधा टेस्टोस्टेरॉन असतं. बाहेरून ते मिळालं की मेंदू वृषणाला आदेश देणं थांबवतो आणि शुक्राणू काही महिन्यांत शून्यावर येऊ शकतात. नाव कितीही आकर्षक असो, घेऊ नका. आधी घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

भट्टीचंही बघा. ताप काय किंवा भट्टीची धग काय, वृषणाला दोन्ही सारखीच. सुपरवायझरशी बोलून चार-सहा महिने फिनिशिंगकडे किंवा साच्यांकडे बदली मिळते का पाहा. नाहीच मिळाली तर शिफ्टच्या मधल्या सुट्टीत धगीपासून दूर उघड्यावर बसा, घामाची चड्डी बदला, घरी सैल लुंगी. मावा आणि सिगारेट सोडणं हे तर कुठल्याही गोळीपेक्षा मोठं औषध. को-एन्झाइम क्यू १०, व्हिटॅमिन ई यांसारख्या गोळ्यांचा पुरावा कमकुवत आहे. तीन महिने घेतल्या तर चालेल, वर्षभर त्यांच्या भरवशावर राहू नका.

पत्नीच्या गोळ्यांचं सगळ्यात जास्त मनाला लागलं. पाळी नियमित, नळ्या उघड्या, आणि तरी चौदा महिने बीज वाढवण्याच्या गोळ्या. आणि या सगळ्या काळात तुमची साधी वीर्यतपासणी झाली नाही. जोडपं आलं की दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हायला हवी होती. या गोळ्या आता कशासाठी चालू आहेत हे तिच्या डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारा. तुमचा निर्णय होईपर्यंत त्या थांबवता येतील का, तेही विचारा. तोवर पाळीच्या दहाव्या ते अठराव्या दिवसांत एक दिवसाआड संबंध ठेवा, तेवढं पुरे.

आणि आईशी तुम्ही स्वतः बोला, पत्नीला बोलायला लावू नका. शिरांची, मिलियनची भाषा नको. "तिचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, इलाज माझा करायचाय, जानेवारीत ठरेल" एवढंच सांगा, आणि ते पत्नीच्या समोर सांगा.